नीळ घातलेली नदी

(इंग्लंड आणि वेल्सच्या शिवेवरचं मॉन्मथ गाव. मन्नो नदी वाय नदीला मिळते तिथं, काठावर नावाड्याचं घर. चुलीवर पाण्याचा हंडा, बाहेर दाट धुकं. गेथिन प्रॉबर्ट हा नावाडी, मार्गेड त्याची बायको. आणि गेथिनची आखूड विजार घालून चुलीशी बसलेले चित्रकार अँब्रोज लिडन.)

गेथिन : ...तर मी म्हटलं, धुकं म्हणजे तरी काय, पातळ केलेलं पाणीच. मारलं वल्हं. मारतोय, मारतोय, आणि खाली वाकून बघतो तर देवळाच्या शेंड्यावरचा पितळी कोंबडा! नदी कधीच मागं राहिली होती साहेब, मी धुक्यातूनच वर चढलो होतो. मग काय करणार? कोंबड्याच्या मानेला दोर बांधला आणि धुकं उतरायची वाट बघत बसलो.

लिडन : गेथिन, माझं चित्र कुठं आहे?

गेथिन : त्याच्याकडंच येतोय. तर तो कोंबडा म्हणतो कसा...

मार्गेड : अरे, साहेब चित्र विचारतायत, कोंबडा नाही. थांबा साहेब, आणते मी.

गेथिन : तू हंड्याकडं बघ! उतू जाईल.

मार्गेड : पाणी उतू जातं होय? दूध ठेवलंय का मी?

गेथिन : चित्र वाळतंय साहेब अजून. ओल्या चित्राला हात लावू नये, हे तुम्हीच मागं सांगितलंत.

लिडन : ते काल पाऊस यायच्या आधीच वाळलं होतं. मार्गेडबाईंनी उचललं तेव्हा मी पाण्यातून ओरडून विचारलं होतं.

मार्गेड : विचारलं होतं खरं! गळ्यापर्यंत पाण्यात, एका हातात आमच्या नावेचा दोर, नाका-तोंडात पाणी, आणि माणूस ओरडतोय, "बाई, कागद वाळलाय का?" मला हसावं की रडावं कळेना.

लिडन : मला पोहता येत नाही हे पाण्यात उतरल्यावर आठवलं.

मार्गेड : आणि तरी दोर सोडला नाहीत. साहेब, मी उगाच तोंडावर गोड बोलणारी बाई नाही. पण काल तुम्ही तिथं बसला नसतात, ती नाव आपली आपण चाललीये हे तुम्ही पाहिलं नसतंत, तर आज ती समुद्रात कुठंतरी उलटी पडली असती. दोर कुजलाय, दोर कुजलाय म्हणून मी कोकलत होते. हा म्हणायचा, कुजलेला नाही, मऊ पडलाय.

गेथिन : मऊच होता. नावेला टोचत नव्हता.

मार्गेड : नाव गेली असती म्हणजे आम्ही काय खाल्लं असतं? ह्याच्या गोष्टी?

गेथिन : माझ्या गोष्टींवर इथले बरेच लोक जगलेत. फ्रान्सशी लढाई लागल्यामुळं तिकडं फिरायला जाणं बंद झालं, तेव्हापासून सगळी बडी मंडळी आमच्या नावेत बसतात. छत काय, मधोमध चित्रं काढायला टेबल काय! अर्धा वेळ डोंगराकडं बघतात आणि अर्धा वेळ माझं ऐकतात. परवाची एक बाई म्हणाली, डोंगर एकवेळ पुन्हा बघता येतील...

लिडन : गेथिन, मला खरंच निघायला हवं. खाली चेपस्टोच्या बंदरात भरतीच्या आत पोचलो नाही, तर ब्रिस्टलची बोट निघून जाईल.

गेथिन : धुकं आहे साहेब.

लिडन : आता तर म्हणालास, धुक्यातूनही नाव जाते.

मार्गेड : घे! सापडलास ना?

लिडन : बाई, चेष्टा नाही करत मी. काल ब्रिस्टलहून आलेल्या गाडीवानाकडं निरोप होता. ताईचं आता फार दिवसांचं नाही. हे चित्र तिच्यासाठी आहे.

मार्गेड : अगं बाई. मोठ्या बहिणीसाठी? मला वाटलं, लंडनच्या कुणा बड्या माणसासाठी.

लिडन : बड्या माणसांसाठी पुष्कळ काढली. आमचं घर इथंच होतं, त्या पुलाच्या पलीकडं. वडील शाळामास्तर. आई-वडील गेले तेव्हा मी चालायलाही लागलो नव्हतो. डॉर्कसताईनं मला पाठीशी बांधून ब्रिस्टल गाठलं, लोकांचे कपडे शिवले आणि मला वाढवलं. पहिल्या रंगाच्या वड्या तिनंच आणल्या. "माझी नदी मला काढून आणून दे," एवढंच तिचं मागणं. आणि मला ते अजून जमलेलं नाही.

गेथिन : जमलेलं नाही कसं? दरसाल तर येता. गेल्या खेपेला काढलंत ते चित्र बघून माझ्या नावेतला कुत्रा त्यात उडी मारायला निघाला होता!

लिडन : ताई बघते, बराच वेळ बघते. मग म्हणते, "छान आहे रे अँब्रोज. पण ही आपली नाही." काय कमी आहे विचारलं तर म्हणते, धागा नाही. नदीला कसला धागा? अलीकडं ताप असतो, त्यामुळं मीही फार खोदून विचारत नाही. पण काल जमलं होतं, बाई. तुम्हाला सांगतो, काल पहिल्यांदा वाटलं, की ही तिची.

मार्गेड : मग तर आणायलाच हवं! गेथिन, दारातून हो बाजूला.

गेथिन : मार्गेड, ऐक माझं...

मार्गेड : सकाळपासून ऐकतेच आहे. काय झालंय तुला? साहेब, मी तुम्हाला एक गंमत करून ठेवलीये. काल आमच्या नावेपायी तुमचं काम अर्धवट राहिलं. रात्रभर डोळा लागला नाही मला. म्हटलं, ज्यानं आपल्यासाठी स्वतःचं काम टाकून पाण्यात उडी घेतली, त्याचं काम आपण पुरं करून द्यायला नको?

लिडन : अर्धवट? अर्धवट काही नव्हतं.

गेथिन : साहेब, बसा. आधी बसा.

मार्गेड : बघा आता. झाडं तुम्ही काढलीत, पूल काढलात, डोंगर काढलेत, आमची नाव काढलीत, त्यात हा बसलाय टोपी घालून. सगळं झालं आणि नदीच राहिली होती! नुसता पांढरा कागद. ही घ्या तुमची नदी.

लिडन : हे... हे निळं काय आहे?

मार्गेड : दोन्ही नद्या भरल्या. रंग तुमचे नाही हो वापरले, परक्याच्या पेटीला मी हात लावत नाही. माझी नीळ वापरली. पाद्रीबुवांच्या शर्टांना घालते ती, चांगल्यातली. आणि ओघळू नये म्हणून थोडी खळ कालवली. बघ गेथिन, डोळ्यांत पाणी आलं त्यांच्या.

गेथिन : ते आनंदाचं पाणी नाही, म्हातारे.

मार्गेड : म्हणजे?

गेथिन : म्हणजे इतकी वर्षं चित्रकार वाहून नेतोय मी. हे लोक नदी रंगवत नाहीत. कोरा कागद सोडतात, त्यालाच पाणी म्हणतात. मी कोंबडा सांगत होतो तो कशासाठी? जेवढा वेळ निघेल तेवढा निघावा म्हणून!

मार्गेड : साहेब? हा पुन्हा थापा मारतोय ना?

लिडन : नाही बाई. ह्या वेळी नाही.

मार्गेड : कोरा कागद म्हणजे नदी?

लिडन : उजेड... पाण्यावरचा उजेड रंगानं आणता येत नाही. कागदाचा पांढरेपणा राखून ठेवायचा. काठ नीट रंगवले की मधली नदी आपोआप दिसते.

मार्गेड : आपोआप? मग मीही उद्यापासून चादरीच्या कडा धुते, मधलं आपोआप निघेल! ...नाही, बोलू नका. मी काय बोलतेय. देवा. त्या माउलीची नदी मी निळीत बुडवली.

लिडन : तुम्ही मुद्दाम नाही केलंत.

मार्गेड : मुद्दामच केलं! जागून, दिवा लावून, मोठ्या प्रेमानं केलं! गेथिन, मला जरा बसू दे.

गेथिन : बस. साहेब, दुसरं काढता येईल? मी तुम्हाला वल्हवत थेट संगमावर नेतो.

लिडन : धुक्यात हाताचं बोट दिसत नाही, गेथिन. आणि धुकं उठेपर्यंत थांबलो तर चित्र होईल, ताई असेल की नाही ठाऊक नाही.

मार्गेड : तसेच जा तुम्ही. चित्र राहू दे, आधी बहिणीचं तोंड बघा.

लिडन : जाईनच. पण... थांबा. बाई, खळ घातलीत म्हणालात?

मार्गेड : घातली. थोडीच. घालायला नको होती का?

लिडन : ह्या कागदाला सरस लावलेला आहे. खळीमुळं नीळ आत मुरली नसेल, वरच बसली असेल. भिजवून, टिपून, थोडी उचलता येईल. स्वच्छ पाणी द्या. आणि मऊ, जुनं, पांढरं कापड.

मार्गेड : पांढरं कापडच तर आहे ह्या घरात! हा घ्या पाद्रीबुवांचा गळपट्टा. ह्याच्याइतकं मऊ गावात काही नाही.

लिडन : अहो, त्यावर डाग पडेल.

मार्गेड : पडू दे. रविवारी नदी गळ्यात बांधून प्रवचन देतील. एरवी तरी काय ओलावा असतो त्यात?

गेथिन : उचलली! साहेब, उचलली बघा नीळ!

लिडन : हळू. श्वास कागदावर सोडू नकोस. आता पाव हवा. शिळा.

मार्गेड : भूक लागली होय? मग शिळा का? सकाळीच भाजलाय, बेकन आहे, सायडर आहे...

लिडन : खायला नाही. पावाच्या मऊ भागानं कागद पुसतात. ताजा चिकटतो, शिळा लागतो.

मार्गेड : माझ्या घरात शिळा पाव? साहेब, माझ्याकडून काय वाटेल ती चूक झाली असेल, पण ह्या घरात शिळा पाव कधी कुणी पाहिलेला नाही. लग्न झाल्यापासून नाही.

गेथिन : अं... हा चालेल का?

मार्गेड : हा कुठून आला?

गेथिन : कोटाच्या खिशातून.

मार्गेड : तुझ्या खिशात माझा पाव काय करतो?

गेथिन : त्या पुलाखाली एक मासा आहे. मोठा आहे. मी त्याला खायला घालतो. तो मला पाण्याची खबर देतो.

मार्गेड : तरीच! मी म्हणत होते, घरात दोन माणसं आणि पाव संपतो चौघांचा. उंदरांसाठी सापळा लावला मी, गेथिन. उंदरांसाठी!

लिडन : उत्तम आहे हा. अगदी हवा तसा. गेथिन, तुझ्या माशाचे माझ्यावर उपकार झाले.

गेथिन : सांगतो त्याला. फार शेफारेल तो.

मार्गेड : साहेब, खरंच निघतंय की. तो बघा, मधे उजेड आला. अगदी कालसारखा. पुसा, पुसा, अजून पुसा, माझं नाव-निशाण राहू देऊ नका तिथं. मला मेलीला वाटलं तरी कसं? पण सांगू का, पुलाखालच्या पायऱ्यांवर मी जन्मभर धुणं धुतेय. माझ्या डोळ्यांपुढं नदी म्हणजे निळीच येते. आम्ही बायका शेवटची, निळीच्या पाण्याची पिंपं नदीत ओततो ना, तेव्हा काठाकाठानं निळी रेघ लागते पाण्यावर. खाली आल्डरच्या झाडापर्यंत जाते आणि मग वाय तिला गिळून टाकते. त्यामुळं मला वाटलं... साहेब? थांबलात का?

लिडन : काय म्हणालात?

मार्गेड : काही नाही. पुसा तुम्ही.

लिडन : नाही, ती रेघ. कशी असते ती?

मार्गेड : कशी म्हणजे? बारीक. तुटत नाही. मन्नोचं पाणी वायच्या पाण्यात लगेच मिसळत नाही हो, थोडा वेळ शेजारी शेजारी चालतं, नव्या नवरा-बायकोसारखं. तेवढा वेळ ती रेघ मधे असते. ताणलेल्या...

लिडन : धाग्यासारखी.

मार्गेड : हो. धाग्यासारखी.

लिडन : मी इतक्या वेळा आलो. इतक्या वेळा ह्याच काठावर बसलो. मला एकदाही कशी दिसली नाही?

मार्गेड : कधी आला होतात?

लिडन : दर उन्हाळ्यात. वरच्या रॉस गावाहून, गेथिनच्याच नावेनं.

गेथिन : रविवारी नाव सोडली तर पाद्रीबुवा मला जिवंत ठेवणार नाहीत. सोमवारी रॉसला माणसं भरायची, मंगळवारी इथं. साहेब, सोमवारी तुम्ही इथं कधी नव्हताच. माझ्या नावेतलं कुणीच कधी सोमवारी इथं नव्हतं.

मार्गेड : आणि सगळ्या गावाचं धुणं सोमवारचं. मंगळवारी कुठली रेघ? मंगळवारी नदी साधी.

लिडन : ताई मला पाठीवर घेऊन त्या पुलावर उभी राहायची. मी रडलो की मला खाली काहीतरी दाखवायची, असं ती सांगते. मला वाटायचं, बदकं दाखवत असेल.

मार्गेड : आमच्या पायऱ्यांवरच्या जुन्या बायका सांगायच्या, शाळामास्तरांची पोर पुलावरून वाकून बघायची, काखेत नाही तर पाठीवर भाऊ. त्या नीळ ओततात कधी याची वाट बघायची. त्याही मग तिच्यासाठी सावकाश ओतायच्या, एका धारेनं. लांब जावी म्हणून.

लिडन : मुद्दाम?

मार्गेड : पोर होती ती. बघून हसायची. तेवढं कुणीही करतं.

गेथिन : साहेब, कपाळाला नीळ लागली तुमच्या. डोळे पुसू नका त्या हातानं, निळे होतील.

लिडन : मार्गेडबाई, इकडं या. हा पूल. ह्या पायऱ्या. रेघ कुठून सुरू होते?

मार्गेड : मी नाही हो बोट लावणार आता त्याला.

लिडन : लावू नका, नुसतं दाखवा. तुमची नीळ अजून आहे इथं. मी फक्त बाजूची काढतो.

मार्गेड : इथून. ह्या तिसऱ्या... नाही, जरा खालून, पाणी कमी आहे ना उन्हाळ्यात. मग अशी काठाला धरून. इथं जरा आत येते, तळाला खडक आहे. हं. आता सरळ. सरळ. आल्डरपाशी पातळ होऊ द्या. अजून पातळ. हां. सोडा. इथून पुढं वायची.

लिडन : आणि बाकी सगळा उजेड.

मार्गेड : होय हो. आता कळलं मला, कोरा का ठेवता. रेघ कशावर तरी दिसायला हवी ना.

गेथिन : मी माणसं बघितलीत, राजे बघितलेत, एकदा तर पाण्याखालून चालत आलेला बिशप बघितला. पण हे...

मार्गेड : बिशपाला राहू दे पाण्याखाली. धुकं विरळ होतंय, नाव काढ. आणि नवा दोर बांध. साहेब, कपडे वाळलेत तुमचे, विजार बदला, नाहीतर बहीण ओळखायची नाही. हे चित्र मी मेणकापडात गुंडाळते. ही घडी धुतलेल्या चादरींची आहे, तिच्या मधे ठेवते, ओल यायची नाही. चादर परत पाठवायची गरज नाही.

लिडन : ही तर कुणाची तरी असेल!

मार्गेड : डॉक्टरांची. त्यांच्याकडं खूप आहेत. हा पाव घ्या, ताजा आहे, हा खायचा. आणि साहेब...

लिडन : बोला ना.

मार्गेड : काल तुम्ही नाव दिलीत. आज मी तुमच्या नदीचा सत्यानाश केला आणि तुम्ही मला एक शब्द वाकडा बोलला नाहीत. मी फेड कशी करायची?

लिडन : फेड? बाई, इतकी वर्षं मी ताईला तिची नदी आणून देत होतो आणि दरवेळी ती माझीच निघायची. ह्या वेळी तिची घेऊन चाललोय.

गेथिन : बसा साहेब, नीट बसा, मधोमध. धुकं आहे, पण भरती गाठून देतो. वेळ पडली तर त्या माशाला जुंपतो पुढं.

लिडन : एक राहिलं. ताई विचारेल, "अँब्रोज, एवढी वर्षं धागा नव्हता, आता कुठून आला?" तिला काय सांगू?

गेथिन : मी सांगतो काय सांगायचं! म्हणावं, तुम्ही चित्र काढत होतात, इतक्यात पाण्यातून एक म्हातारी जलपरी वर आली, तिच्या हातात चांदीची सुई...

लिडन : मार्गेडबाई?

मार्गेड : सांगा, सोमवार होता.